ॲन हुई : भूतपट, तलवारबाजी, शरणार्थी आणि वृद्धाश्रम, सगळ्यांवर सिनेमे काढणारी हाँगकाँगची दिग्दर्शिका

हाँगकाँगचा सिनेमा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? ब्रूस लीची लाथ, जॅकी चॅनची इमारतीवरून मारलेली उडी, फार तर दोन्ही हातांत पिस्तुलं घेतलेला चाऊ युन-फॅट. केबलवर हिंदीत डब होऊन आलेल्या सिनेमांनी आपल्याकडे हाँगकाँगची एवढीच ओळख करून दिली.

पण याच शहरात एक दिग्दर्शिका १९७९ पासून सिनेमे काढतेय. हाँगकाँग फिल्म अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार त्यांनी सहा वेळा मिळवलाय, आणि हा तिथला विक्रम आहे. २०२० साली कोरोनाच्या सावटात व्हेनिसचा चित्रपट महोत्सव भरला, तेव्हा जीवनगौरवाचा ‘गोल्डन लायन’ त्यांना आणि अभिनेत्री टिल्डा स्विंटनला देण्यात आला.

त्यांचं नाव ॲन हुई. कँटोनीज भाषेत हुई ऑन-व्हा.

त्यांच्या सिनेमांची यादी पाहिली तर वाटतं, ही पाच-सहा वेगवेगळ्या माणसांची कामं असावीत. त्यात खुनाचं रहस्य आहे, भुतांची कॉमेडी आहे, तलवारबाजीचा भव्यपट आहे, व्हिएतनामच्या निर्वासितांची गोष्ट आहे. सासऱ्याचं आजारपण काढणारी सून आहे, समलिंगी जोडप्याची हलकीफुलकी गोष्ट आहे आणि कवींवरचा माहितीपटही आहे.

एकाच बाईंनी इतकं वेगवेगळं काम का केलं आणि त्या सगळ्यात समान काय आहे, हेच आज समजून घेऊ.

जन्म चीनमध्ये, बालपण मकावमध्ये, शाळा हाँगकाँगमध्ये

ॲन हुई यांचा जन्म १९४७ चा, ईशान्य चीनमधल्या आन्शान शहरातला. वडील चिनी, आई जपानी. त्या तान्ह्या असतानाच कुटुंब दक्षिणेकडे आलं. सुरुवातीची वर्षं मकावमध्ये आजी-आजोबांकडे गेली. मकाव तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होतं. त्या पाच वर्षांच्या असताना घर हाँगकाँगला हललं, आणि तिथे राज्य ब्रिटिशांचं.

म्हणजे शाळेत जाईपर्यंत या मुलीने तीन वेगवेगळ्या राजवटी पाहिल्या होत्या.

आई जपानी आहे, हे मात्र त्यांना १६ व्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. जपानने चीनवर केलेल्या आक्रमणाच्या जखमा तेव्हा ताज्या होत्या. चिनी घरात नांदणाऱ्या जपानी बाईने आपली ओळख मिरवावी असा तो काळ नव्हता. घरातलं हे गुपित पुढे त्यांच्या एका गाजलेल्या सिनेमाचा विषय झालं. त्याबद्दल पुढे येईलच.

हाँगकाँग विद्यापीठात त्या इंग्रजी आणि तौलनिक साहित्य शिकल्या, तिथेच एमए केलं. मग दोन वर्षं लंडन फिल्म स्कूल. १९७५ मध्ये परत आल्यावर पहिलं काम मिळालं ते किंग हू यांच्याकडे. किंग हू म्हणजे ‘अ टच ऑफ झेन’चे दिग्दर्शक, चिनी तलवारपटांतलं फार मोठं नाव. त्यांच्याकडे काही काळ सहायक म्हणून राहिल्यानंतर हुई टीव्हीकडे वळल्या.

खरी शाळा : टीव्ही

आज हे खरं वाटणार नाही, पण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कँटोनीज सिनेमा जवळजवळ बंद पडला होता. हाँगकाँगचे लोक बोलायचे कँटोनीज, पण तिथले मोठे स्टुडिओ सिनेमे काढायचे मँडरिनमध्ये. तैवान आणि आग्नेय आशियातल्या चिनी लोकांपर्यंत पोहोचायला ती भाषा सोयीची होती. रस्त्यावर जी भाषा ऐकू येत होती, ती पडद्यावरून गायब झाली होती.

ही भाषा टिकून राहिली टीव्हीवर. टीव्ही वाहिन्यांनी परदेशात शिकून आलेल्या तरुण पोरापोरींना कामावर घेतलं आणि त्यांच्या हातात १६ एमएमचे कॅमेरे दिले. मालिका स्टुडिओतून बाहेर पडून रस्त्यावर, चाळींत, झोपडपट्ट्यांत चित्रित व्हायला लागल्या. हुई त्यातल्याच एक.

१९७७ मध्ये त्यांनी हाँगकाँगच्या भ्रष्टाचारविरोधी आयोगासाठी मालिकेचे सहा भाग केले. हा आयोग स्थापन होऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती आणि पोलिसांमधली लाचखोरी हा शहरातला सगळ्यात गरम विषय होता. सहापैकी दोन भाग इतके वादग्रस्त ठरले की ते दाखवूच दिले गेले नाहीत.

पुढच्याच वर्षी सरकारी वाहिनीवरच्या ‘बिलो द लायन रॉक’ या मालिकेसाठी त्यांनी ‘द बॉय फ्रॉम व्हिएतनाम’ हा भाग केला. व्हिएतनाममधून चोरून हाँगकाँगला आलेल्या एका मुलाची ही गोष्ट. पुढच्या चार वर्षांत याच विषयाने त्यांना जगभर पोहोचवलं.

नवी लाट येते

१९७९ मध्ये टीव्हीवर तयार झालेली ही मंडळी एकदमच सिनेमात उतरली. त्सुई हार्कचा पहिला सिनेमा त्याच वर्षी आला, ॲन हुई यांचाही. या पिढीच्या सिनेमाला पुढे ‘हाँगकाँगची नवी लाट’ असं नाव पडलं.

हुई यांचा पहिला सिनेमा ‘द सिक्रेट’. डोंगरावर एका जोडप्याचा खून होतो, पोलीस आपला संशयित पकडून मोकळे होतात, पण एका मुलीला मात्र वेगळाच संशय येत राहतो. शहरात खरोखर घडलेल्या एका खून प्रकरणावर तो बेतलेला होता. प्रमुख भूमिकेत सिल्व्हिया चँग. पटकथाही एका स्त्रीने, जॉयस चॅनने लिहिलेली.

खुनाची गोष्ट सांगताना कॅमेरा मात्र जुन्या वस्तीच्या गल्ल्या, देवळं, शेजारणी आणि घरातली म्हातारी आजी यांच्यात रमतो. खुनी कोण यापेक्षा खुनानंतर मागे उरलेल्या बायका कशा जगतात, याचं कुतूहल त्याला जास्त आहे.

दुसरा सिनेमा ‘द स्पूकी बंच’ (१९८०). कँटोनीज ऑपेराच्या एका फिरत्या मंडळीला भुतं छळायला लागतात, अशी धमाल कॉमेडी. निर्माती आणि नायिका जोसेफिन सियाओ. हे नाव लक्षात ठेवा, १५ वर्षांनी ते परत येणार आहे.

‘बोट पीपल’ : जगभर नाव, जगभर वाद

१९७५ मध्ये व्हिएतनाम युद्ध संपलं आणि तिथून लोक होड्यांत बसून पळायला लागले. पुढच्या २५ वर्षांत हाँगकाँगच्या किनाऱ्याला असे सुमारे दोन लाख लोक लागले. शहरात छावण्या उभ्या राहिल्या, वाद झाले. या माणसांचं करायचं काय, हा प्रश्न रोजच्या बातम्यांत होता.

हुई यांनी या विषयावर आणखी दोन सिनेमे केले. ‘द स्टोरी ऑफ वू व्हिएत’ (१९८१) वरवर पाहता ॲक्शनपट आहे. अमेरिकेला निघालेला एक निर्वासित मनिलाच्या चायनाटाउनमध्ये अडकतो आणि भाडोत्री मारेकरी होतो. ही भूमिका केली चाऊ युन-फॅटने. ज्या ‘अ बेटर टुमॉरो’मुळे तो सुपरस्टार झाला, तो यायला अजून पाच वर्षं होती.

मग आला ‘बोट पीपल’ (१९८२). एका जपानी फोटोग्राफरला व्हिएतनाम सरकार पाहुणा म्हणून बोलावतं. त्याला गाणी म्हणणारी हसरी मुलं दाखवली जातात, तोही खूश होऊन फोटो काढतो. एक दिवस तो सरकारी माणसाशिवाय एकटाच फिरायला निघतो आणि कॅम नुओंग नावाच्या १४ वर्षांच्या मुलीला भेटतो. तिच्या घरची परिस्थिती पाहिल्यावर त्याने काढलेले सगळे फोटो खोटे ठरतात.

व्हिएतनाममध्ये चित्रीकरण शक्य नव्हतं. सिनेमा चित्रित झाला चीनच्या हैनान बेटावर. चीन आणि व्हिएतनाममध्ये १९७९ मध्ये युद्ध होऊन गेलं होतं, त्यामुळे चीनने परवानगी दिली. पण यातून वेगळीच अडचण उभी राहिली. चीनमध्ये काम करणाऱ्या कलाकारांना तैवान काळ्या यादीत टाकत असे आणि हाँगकाँगच्या सिनेमासाठी तैवान ही मोठी बाजारपेठ होती. याच भीतीने चाऊ युन-फॅटने या सिनेमातली भूमिका नाकारली. ती गेली अँडी लाऊ नावाच्या एका नवख्या पोराकडे.

भीती खरी ठरली. तैवानने सिनेमावर बंदी घातली. १९८३ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला, पण स्पर्धेबाहेर. पश्चिमेतल्या काही समीक्षकांनी ‘हा कम्युनिस्टविरोधी प्रचार आहे’ अशी टीका केली. हाँगकाँगमध्ये मात्र प्रेक्षकांनी गर्दी केली, आणि हाँगकाँग फिल्म अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपट व दिग्दर्शन हे दोन्ही पुरस्कार त्यालाच मिळाले.

या गर्दीमागे आणखी एक कारण होतं. १९९७ मध्ये हाँगकाँग चीनकडे परत जाणार का, यावर तेव्हा ब्रिटन आणि चीनमध्ये बोलणी सुरू झाली होती. नवी राजवट आल्यावर सामान्य माणसाचं काय होतं, हे दाखवणारा सिनेमा पाहताना अनेकांना व्हिएतनामच्या जागी आपलंच शहर दिसलं.

आई-मुलीची गोष्ट आणि एक टोमॅटो

१९९० मध्ये हुई यांनी स्वतःच्या घरातलं गुपित पडद्यावर आणलं. ‘साँग ऑफ द एक्झाइल’ची नायिका ह्यूयिन १९७३ मध्ये लंडनहून शिकून परत येते. ही भूमिका मॅगी च्युंगची. आईशी तिचं जन्मात कधी पटलेलं नाही. बहिणीच्या लग्नानंतर ती आईला घेऊन जपानमधल्या बेप्पूला, आईच्या माहेरी जाते. तिची आई जपानी आहे आणि लहानपणी आजी-आजोबांच्या घरी ती सतत गप्प का असायची, याचा उलगडा आपल्याला हळूहळू होतो. तिला तिथली भाषाच येत नव्हती.

जपानमध्ये पारडं फिरतं. आता आई भडाभडा बोलते आणि मुलगी मुकी होते. एका प्रसंगात ह्यूयिन शेतातला टोमॅटो तोडून खाते. शेतकरी ओरडत तिच्या मागे धावतात, ती घाबरून पळत सुटते. शेवटी इंग्रजी येणारा एक जण भेटतो तेव्हा कळतं, ते चोरीबद्दल ओरडत नव्हते. टोमॅटोवर औषध फवारलंय, खाऊ नकोस, एवढंच सांगत होते.

भाषा येत नसलेल्या घरात आईने इतकी वर्षं कशी काढली असतील, हे त्या मुलीला या एका टोमॅटोतून कळतं. सासरी नव्या नवरीचं काय होतं यावर आपल्याकडे ढिगाने सिनेमे आहेत. भाषेच्या बाजूने ते इतक्या साधेपणाने मांडलेलं क्वचितच पाहायला मिळतं.

पोटापाण्याचे सिनेमे

असे सिनेमे केल्यावर निर्माते दारात रांग लावतात, असा समज असेल तर तो सोडून द्या. हाँगकाँगचा सिनेमा ही निखळ बाजारपेठ होती. तिथे सरकारी अनुदानावर कलात्मक सिनेमे काढायची सोय नव्हती. सिनेमा चालला नाही तर पुढचा मिळणं अवघड.

त्यामुळे हुई यांनी मिळेल ते काम घेतलं.

जिन योंग यांच्या लोकप्रिय कादंबरीवर त्यांनी १९८७ मध्ये ‘द रोमान्स ऑफ बुक अँड स्वोर्ड’ हा दोन भागांचा तलवारपट केला. १९९० च्या ‘स्वोर्ड्समन’वर तर इतक्या दिग्दर्शकांचे हात फिरले की श्रेय कुणाचं हे सांगणं मुश्कील. सुरुवात किंग हू यांनी केली, ते मध्येच बाहेर पडले, मग त्सुई हार्क, चिंग सिउ-तुंग यांच्यासह अनेकांनी तो पुरा केला. त्यात ॲन हुईही होत्या. आपल्या जुन्या गुरूचा अर्धवट राहिलेला सिनेमा त्यांच्याही वाट्याला आला, तो असा.

१९९६ मध्ये त्यांनी मिशेल योह आणि सॅमो हंग यांना घेऊन ‘आ काम’ केला. विषय होता सिनेमात मारामाऱ्या करणारी स्टंटबाई. चित्रीकरणात पुलावरून ट्रकवर उडी मारताना मिशेल योह गंभीर जखमी झाली. पुढे २०२३ मध्ये ऑस्कर घेणाऱ्या या अभिनेत्रीची कारकीर्द तिथेच संपली असती.

२००१ मध्ये परत भुतं. ‘व्हिजिबल सिक्रेट’मध्ये शू ची आणि गायक ईसन चॅन. २०१० मध्ये ‘ऑल अबाउट लव्ह’, एकेकाळी एकमेकींच्या प्रेमात असलेल्या आणि आता दोघीही गरोदर असलेल्या दोन बायकांची गोष्ट.

यातले सगळेच सिनेमे चांगले आहेत असं नाही. काही फसले, काही विस्मरणात गेले. पण त्यांचा विषय पाहा. तलवारपटांच्या जगात त्या फिरल्या आणि त्यातून त्यांना स्वतःला दिसली ती पडद्यावर जिचा चेहराही दिसत नाही अशी स्टंटबाई. ऑपेराच्या भुताटकीत त्यांना दिसल्या दौऱ्यावर हाल काढणाऱ्या नट्या. साचा बाजाराचा असला तरी त्यात बसवलेली माणसं त्यांची स्वतःची होती.

चाळिशीतली बाई

१९९५ चा ‘समर स्नो’ हा बऱ्याच जणांच्या मते त्यांचा सर्वांत आपलासा वाटणारा सिनेमा. कँटोनीज नावाचा सरळ अर्थ ‘बाई, चाळिशीची’.

मे नावाची बाई टॉयलेट पेपर विकणाऱ्या कंपनीत कामाला आहे. घरी नवरा, कॉलेजातला मुलगा, सासू-सासरे. सासरे एकेकाळचे लढाऊ वैमानिक, स्वभावाने खडूस, सुनेचं तोंडही न पाहणारे. अचानक सासू जाते आणि सासऱ्यांना अल्झायमर असल्याचं समजतं. ते घरात कुणाला ओळखत नाहीत. ओळखतात फक्त सुनेला.

पुढे काय होतं ते कुठल्याही मराठी घराला समजावून सांगायची गरज नाही. नोकरी, बाजारहाट, रात्री पळून जाणारे सासरे, ‘त्यांना कुठेतरी ठेवू या’ म्हणणारे नातेवाईक. एवढं असूनही सिनेमा रडका नाही. मे चिडते, थकते आणि मासळीबाजारात पैसे वाचवायच्या युक्त्याही काढते.

ही भूमिका केली जोसेफिन सियाओने. १५ वर्षांपूर्वी ‘द स्पूकी बंच’ काढणारी तीच. बर्लिन महोत्सवात तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ‘सिल्व्हर बेअर’ मिळालं.

२००२ च्या ‘जुलै राप्सडी’त मध्यमवयीन शिक्षक आणि त्याची बायको आहे. शिक्षक झालाय जॅकी च्युंग, बायको अनिता मुई. दोघंही हाँगकाँगचे प्रचंड लोकप्रिय गायक. पुढच्याच वर्षी अनिता मुईचं कर्करोगाने निधन झालं. हा तिचा शेवटचा सिनेमा.

चीनचा पैसा आणि तिन शुई वाई

२००३ मध्ये हाँगकाँग आणि चीनमध्ये व्यापार करार झाला. त्यानंतर चीनसोबत मिळून काढलेला हाँगकाँगचा सिनेमा चीनमध्ये देशी सिनेमा म्हणून प्रदर्शित करता येऊ लागला. अफाट बाजारपेठ खुली झाली, पण अटींसकट. कथा चीनच्या सेन्सॉरला चालली पाहिजे, आणि शक्यतो मँडरिनमध्ये असलेली बरी. हाँगकाँगचे अनेक दिग्दर्शक तिकडे वळले.

हुई यांनीही तिकडे सिनेमे केले. ‘द पोस्टमॉडर्न लाइफ ऑफ माय आंट’ (२००६) शांघायमध्ये घडतो. ‘द गोल्डन एरा’ (२०१४) ही शियाओ होंग या चिनी लेखिकेची तीन तासांची चरित्रकथा.

पण या दोन मोठ्या सिनेमांच्या मधल्या काळात त्यांनी वेगळंच काहीतरी केलं.

हाँगकाँगच्या वायव्य टोकाला तिन शुई वाई नावाची वसाहत आहे. सरकारी घरांचे उंचच उंच मनोरे, शहरापासून लांब, कामधंदे कमी. २००४ मध्ये इथे एका माणसाने बायको आणि दोन जुळ्या मुलींचा खून केला. त्यानंतर वर्तमानपत्रांनी या वसाहतीला ‘दुःखाचं शहर’ म्हणायला सुरुवात केली.

हुई यांनी या जागेवर दोन सिनेमे काढले. ‘नाइट अँड फॉग’ (२००९) त्याच खून प्रकरणावर आहे. त्याच्या एक वर्ष आधी आला ‘द वे वुई आर’, आणि त्यात काहीच घडत नाही.

खरंच काही घडत नाही. क्वाई नावाची विधवा सुपरमार्केटमध्ये ड्युरियन फळं कापून डब्यांत भरते. मुलगा दहावीसारख्या परीक्षेच्या निकालाची वाट बघत घरात लोळतो. शेजारी एकटी म्हातारी राहते. तिला टीव्ही उचलायला मदत लागते, खाण्याचं तेल स्वस्त पडावं म्हणून दोघी बाटल्या वाटून घेतात. शेवटी सणाच्या रात्री तिघं एकत्र जेवतात.

ज्या वस्तीचं नाव फक्त गुन्ह्यांच्या बातमीत येत होतं, तिथे लाखो माणसं शांतपणे जगतायत, जेवतायत, शेजारधर्म पाळतायत, हे दाखवणं एवढाच या सिनेमाचा हेतू. तोही अगदी तुटपुंज्या पैशात काढलेला.

गंमत म्हणजे त्याला पैसे दिले वाँग जिंगने. हा माणूस जुगारपट आणि थिल्लर विनोदी सिनेमांसाठी प्रसिद्ध. त्या वर्षी हाँगकाँग फिल्म अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला ‘इप मॅन’. दिग्दर्शन, पटकथा, अभिनेत्री आणि सहायक अभिनेत्री हे चार पुरस्कार मात्र घेऊन गेली ही ड्युरियन कापणाऱ्या बाईची गोष्ट.

‘अ सिंपल लाइफ’ : २९ वर्षांनी परतफेड

१९८२ मध्ये ‘बोट पीपल’मध्ये घेतलेला तो नवखा पोरगा आठवतोय? अँडी लाऊ पुढे आशियातला एक सर्वांत मोठा स्टार झाला.

निर्माते रॉजर ली यांच्या घरी एका बाईने कितीतरी दशकं घरकाम केलं, मुलांना वाढवलं. शेवटच्या काळात लींनी तिची सेवा केली. या खऱ्या गोष्टीवर हुई यांना सिनेमा करायचा होता, पण नायिका सत्तरीची मोलकरीण. पैसे घालणार कोण?

अँडी लाऊने घातले, आणि भूमिकाही केली. मोलकरीण आ ताओ झाली डीनी इप. ही लाऊची खऱ्या आयुष्यातली मानलेली आई, आणि हुई यांच्याच वयाची.

‘अ सिंपल लाइफ’मध्ये आ ताओला पक्षाघात होतो, ती आपणहून वृद्धाश्रमात जाते. मालकाचा मुलगा रॉजर तिला भेटायला येऊ लागतो. मालक-नोकर असलेल्या दोघांचं नातं हळूहळू आई-मुलाचं होतं. कुणी मोठमोठे संवाद म्हणत नाही. बाजारात लसूण निवडताना आ ताओ किती चोखंदळ आहे, रॉजरला कुठला पदार्थ आवडतो, ती दात बसवून घ्यायला कशी कुरकुरते, यातूनच सगळं कळतं.

२०११ मध्ये व्हेनिसला डीनी इपला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. सिनेमा चाललासुद्धा.

आयुष्यभर दुसऱ्याच्या घरात राबलेली बाई म्हातारी झाली की तिचं कुणी करायचं? ज्या घरात कधीकाळी स्वयंपाकाला मावशी होत्या, तिथे हा सिनेमा बघताना थोडं अवघडायला होणार, हे नक्की.

कॅमेऱ्याच्या पुढे, आणि कवींच्या मागे

दिग्दर्शनाबाहेरही हुई यांनी बरंच काम केलंय. तैवानचे दिग्दर्शक साय मिंग-लियांग यांच्या ‘द रिव्हर’ (१९९७) मध्ये त्या स्वतः पडद्यावर दिसतात, तेही सिनेमाच्या दिग्दर्शिकेच्या भूमिकेत. घाणेरड्या नदीत प्रेत म्हणून तरंगायला त्या एका पोराला तयार करतात आणि मग त्याची मान जी आखडते ती सुटतच नाही. त्याच वर्षी ‘ॲज टाइम गोज बाय’ हा स्वतःच्या पिढीवरचा माहितीपट त्यांनी सहदिग्दर्शित केला.

२०२० मध्ये त्यांच्यावरच माहितीपट निघाला, ‘कीप रोलिंग’. दिग्दर्शक मॅन लिम-चुंग, म्हणजे त्यांच्या अनेक सिनेमांचा कलादिग्दर्शक.

त्याच वर्षी आला ‘लव्ह आफ्टर लव्ह’. आयलीन चँग या लेखिकेच्या कथेवरचा त्यांचा हा तिसरा सिनेमा, पहिला १९८४ मध्ये केलेला. आणि २०२३ मध्ये ‘एलेजीज’, हाँगकाँगच्या कवींवरचा माहितीपट. पंचाहत्तरी ओलांडलेल्या दिग्दर्शिकेने, ज्यांची पुस्तकं फारशी खपत नाहीत अशा कवींच्या घरी जाऊन त्यांना विचारलं, तुम्ही का लिहिता, आणि या शहरात कविता लिहून भागतं कसं? हाँगकाँगच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्या वर्षी हा माहितीपट दाखवला गेला.

मग समान काय आहे?

हुई यांची ‘शैली’ कुठली, यावर समीक्षक वर्षानुवर्षं बोलतायत. वाँग कार-वाईचा सिनेमा एका फ्रेमवरून ओळखता येतो. हुई यांचा तसा ओळखता येत नाही.

त्यांचा सिनेमा ओळखायचा तो त्यातल्या माणसांवरून. निर्वासित मुलगा, भाषा न येणारी सून, स्टंटबाई, सासऱ्यांमागे धावणारी चाळिशीतली बाई, ड्युरियन कापणारी विधवा, मोलकरीण, कवी. यातलं प्रत्येक जण कुठल्यातरी गोष्टीत कडेला उभं असतं. हुई कॅमेरा तिकडे वळवतात.

आणि त्यासाठी पैसे कुणाचे, साचा कुठला, भाषा कँटोनीज की मँडरिन, याबद्दल त्यांनी कधी सोवळं पाळलं नाही. भूतपट मिळाला तर भूतपट, वाँग जिंगने थोडे पैसे दिले तर तेवढ्यात. चार दशकांहून जास्त काळ त्या टिकल्या त्या या लवचिकपणामुळे. फक्त मनासारखंच काम करीन म्हणून त्या अडून बसल्या असत्या, तर ‘अ सिंपल लाइफ’ येईपर्यंत त्या या धंद्यात राहिल्या असत्या का, हा प्रश्नच आहे.

बघायचं असेल तर कुठून सुरुवात करायची?

घरच्यांसोबत बघायचा असेल तर ‘अ सिंपल लाइफ’. घरात आजारी ज्येष्ठ माणूस असेल तर ‘समर स्नो’, तो हसवेलही. राजकारणात रस असेल तर ‘बोट पीपल’, पण शेवट अंगावर येतो, तयारी ठेवा. आईशी भांडण झालं असेल तर ‘साँग ऑफ द एक्झाइल’.

आणि ‘द वे वुई आर’ एखाद्या निवांत रविवारी लावा. पहिली २० मिनिटं ‘यात काहीच होत नाही’ असं वाटेल. तरी बंद करू नका. शेवटी त्या तिघांच्या जेवणाच्या टेबलावरून उठावंसं वाटणार नाही.